शेंग उघडली तरच दाणा: पेन्सिल न धरणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात एक आई मुलाला घेऊन आली. मुलाच्या आधी तिनं वही पुढं केली. ठिपक्यांवरून उभ्या रेघा गिरवायच्या, मग आडव्या, मग परत उभ्या. अर्ध्या पानावर रेघा नव्हत्याच, नुसती पेन्सिलीची फिकट खरखर होती. खाली लाल शाईत शेरा: ‘घरी सराव घ्या’. मी तीन पानं उलटली. तिन्हीवर तोच शेरा.

“रोज तक्रार यायलीय, मॅडम. ह्याला पेन्सिलच धरता येईना. ह्याच्या वर्गातली लेकरं नाव लिहायलीत.”

मी लातुरात व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून काम करते. हा शब्द इथं फारसा कुणाच्या तोंडी नाही. बहुतेक जण मला ‘फिजिओवाल्या मॅडम’ समजून येतात आणि मीही आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. रोजचं अंग हलवणं, खाणं, कपडे घालणं, खेळणं, लिहिणं ज्यांना अवघड जातं त्यांच्यासोबत मी काम करते, एवढं सांगितलं की पुरतं.

मुलगा ४ वर्षं ३ महिन्यांचा होता, ज्युनियर केजीत. नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजी त्याला ‘राजा’ म्हणायची, तर इथंही राजाच. वडील मार्केट यार्डात अडतीवर मुनीम. आई घरी ब्लाऊज शिवते. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आजी-आजोबांची औसा तालुक्यात कोरडवाहू शेती, पण आजी निम्मा महिना नातवासाठी लातुरात.

दहावी-बारावीच्या निकालांनी या शहराला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळवून दिलं. त्याचं मला कौतुकच आहे. पण तो पॅटर्न खाली सरकत सरकत बालवाडीच्या बाकापर्यंत आलाय, आणि माझ्याकडं येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी कितीतरी जण अशी वही घेऊनच येतात.

जमिनीवर बसून काय दिसलं

पहिल्या भेटीत मी पेन्सिल काढतच नाही. सतरंजी अंथरते, चिंचोक्यांचा डबा, चेंडू, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि झाकणाचा स्टीलचा डबा समोर ठेवते, आणि मुलाला काय करायचं ते करू देते.

राजा बसला तो दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून बाजूला मागं टाकून, वरून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यूसारखा. पुष्कळ मुलं अधूनमधून अशी बसतात, त्यात काही बिघडत नाही. हा मात्र मांडी घालून बसवला की मिनिटभरात कलंडायचा, नाहीतर माझ्या गुडघ्यावर रेलायचा. टेबलाशी बसवलं तर डोकं तळहातावर. चिंचोके उचलताना उजवीकडचे उजव्या हातानं, डावीकडचे डाव्या हातानं. हात मधली रेघ ओलांडून पलीकडं जायचाच नाही. चिमटा दाबायला दोन्ही मुठी लागल्या, तरी उघडला नाही. डबा आईकडं सरकवला आणि आईनं माझ्याशी बोलता बोलता तो उघडून दिलासुद्धा. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

जिन्यावर नेलं. चढताना पाय एकाआड एक, पण कठडा घट्ट धरून. उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकून. चार वर्षांच्या आसपास बरीच मुलं एका पायावर तीन-चार सेकंद तोल धरतात. राजा एक सेकंद. चेंडू फेकला की तोंड वळवून डोळे मिटायचा. शेवटी जाड खडू दिला तेव्हा तो त्यानं खलबत्त्यातला बत्ता धरावा तसा मुठीत धरला. गोल काढला, जरा चेपलेला. फुलीचं चित्र दाखवलं तर दोन सुट्या रेघा आल्या, एकमेकींना न भेटलेल्या.

बोलणं मात्र असं खणखणीत की मलाच दोन गोष्टी सांगितल्या. यार्डातल्या हमालांची एक, आजोबांच्या बैलाची एक.

तक्रार पेन्सिलीची होती, पण ढिलाई खांद्यात आणि धडात होती. ज्वारी राखणीला आली की शेतात माळा बांधतात. माळ्याचे खांब डुगडुगत असतील तर वर उभ्या माणसाची गोफण कितीही चांगली असो, दगड भलतीकडंच जाणार. धड स्थिर तर खांदा स्थिर, खांदा स्थिर तर मनगट मोकळं, आणि मनगट मोकळं असेल तेव्हाच बोटांना बारीक हालचाल जमते. राजाची सगळी ताकद बसून राहण्यातच संपत होती. बोटांच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

मनगटाचंही एक पालकांना ठाऊक नसतं. तिथली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची, म्हणजे हाडाआधीच्या मऊ, लवचीक भागाची असतात, एक्स-रेत सहसा एकही दिसत नाही. ती एकेक करून पुढची कैक वर्षं हाड बनत जातात, आणि शेवटचं तर आठ-दहा वर्षांच्या पुढं. चार वर्षांच्या मुलाला बारीक पेन्सिल देऊन चौकटीत अक्षर बसवायला लावताना आपण अर्धवट बांधलेल्या घरावर मजला चढवत असतो. मुठीची पकड, मग उलट्या हाताची पाची बोटांची, मग तीन बोटांची पण सगळा हात हलवून, आणि साडेचार ते सहाच्या दरम्यान कधीतरी फक्त बोटं हलवून लिहिण्याची, असा हा प्रवास असतो. राजा या वाटेवर मागं होता, पण वाट चुकला नव्हता.

आधी काय नाही ते पाहिलं

खेळ सुचवण्याआधी काही गोष्टी बाजूला काढाव्याच लागतात. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत, अंगावर चढल्यासारखं उठतंय का? पोटऱ्या नको तेवढ्या भरलेल्या आणि कडक आहेत का? तीन ते पाच वर्षांच्या मुलग्यात हे दिसलं तर खेळत बसू नये, स्नायूंच्या आजाराची शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठावा. आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली आहे का? वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरायचं, दुसरा मुठीत मिटलेला, असं होतं का? राजात यातलं काही नव्हतं. सरळ उठत होता, दोन्ही बाजू सारख्या, चौदाव्या महिन्यात चालायला लागलेला. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या मुलांच्या नोंदी घेऊन स्वतंत्र चालण्याचा जो पट्टा काढला आहे तो ८.२ ते १७.६ महिन्यांचा आहे. चौदा म्हणजे त्यात आरामात.

“रांगलाच नाही हा, थेट चालला,” आई अभिमानानं म्हणाली. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगली नव्हती आणि तरी नीट चालली. म्हणून मी न रांगण्यावर खापर फोडलं नाही. वॉकरचं मात्र विचारलं. होताच. दुसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर, आईचे हात मशीनवर, मग लेकरू वॉकरमध्ये. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. एवढंच सांगितलं की कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा पोटमाळ्यावरचा तो पुढच्या बाळासाठी जपून ठेवू नका.

बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. डोळे ठीक. हिमोग्लोबिन १०.२. या वयात ११ च्या खाली ते रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दहातल्या जवळपास सात मुलांत तो सापडला होता, त्यामुळं धक्का बसला नाही. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं. ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते. पुढं राजात जो फरक पडला त्याचं सगळं श्रेय खेळाला देता येणार नाही. रक्त कमी असलेलं मूल लवकर दमतं आणि दमलेलं मूल खेळत नाही.

वाढीतला हालचालींच्या समन्वयाचा दोष असं एक निदान असतं, पण पाचच्या आत ते सहसा करत नाहीत. आईला नाव हवं होतं. मी दिलं नाही.

माझा पहिला आराखडा

हा फसला, आणि चूक माझी होती.

मी छापील कागद दिला. आठ कृती, रोज अर्धा तास. रंगीत मणी, दाबायची माती, लहान मुलांची कात्री, असं साहित्य आणायला सांगितलं. गंजगोलाईच्या बाजारात सगळं मिळालं. आई कष्टाळू. संध्याकाळी सहा वाजले की मशीन बंद करून राजाला समोर बसवायची, कागद पुढं ठेवायची आणि एकेक कृतीवर टिकमार्क करायची.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा कागद पूर्ण भरलेला होता आणि राजा माझ्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हता. मण्यांचा डबा त्यानं गॅलरीतून खाली फेकला होता. शाळेच्या वहीनंतर मी त्याला दुसरी वही दिली होती, तीही खेळ म्हणून. मण्यांची माळ ओवून झाल्यावर पुढं काय, तर परत सोडून परत ओवायची. मोठ्या माणसालाही असलं काम दिलं तर तो पगार मागेल.

येळवस

मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्याकडं वेळ अमावस्या असते, सगळे येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवकडचा हा सण. त्या दिवशी शहरात कर्फ्यू लागल्यासारखं होतं, कारण जो तो कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतो. कडब्याची खोप, आत पूजा, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. राजाचं कुटुंब गावी गेलं. आईचं शिवणाचं काम त्या दिवसांत थंडच होतं, म्हणून माय-लेक पाच दिवस राहिले. जाताना मी म्हणाले, कागद घरीच राहू द्या.

परत आल्यावर तिनं मोबाईलवर काढलेलं दाखवलं. मी आजवर पाहिलेल्या तपासणीच्या चित्रणांत ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं. राजा काळ्या रानातल्या ढेकळांवरून चालतोय, दर तिसऱ्या पावलाला पडतोय, उठतोय. आजोबा शेताभोवती आंबील शिंपत पुढं, आणि हा मागं तांब्या दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून. खोपीत शिरताना दोन्ही हात टेकून वाकून आत. तो आत-बाहेर किती वेळा गेला ते मोजायचं मी सोडून दिलं.

आणि एक चित्रण आजीचं. तिनं तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. ताट मध्ये. राजानं शेंग आजीपुढं केली. आजीच्या हातात पीठ होतं. “थांब रं बाबा, हात खरकटा हाय.” त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग शेंग दातात धरली, मग अंगठ्यानं दाबली, पिळली, आणि शिवण उकलली. तीन दाणे. पुढची शेंग. मी वेळ पाहिली, अकरा मिनिटं. माझ्या समोर मण्यांशी तो दोन मिनिटंही बसला नव्हता.

अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट, दुसऱ्या हातानं शेंग धरून ठेवणं, दोन्ही हात शरीराच्या मधोमध येणं. कागदावर मी जे लिहून दिलं होतं ते सगळं त्या शेंगेत होतं, आणि माझ्या कागदात नसलेली एक गोष्टही होती. शेंग उघडली तरच दाणा. शाबासकीची गरज नाही, टिकमार्कची नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला बिया, पानं, शिंपले, माती घेऊन बालवाडी चालवली, हे मी शिकताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. तरी पहिल्या भेटीत मी गंजगोलाईतलं साहित्य लिहून दिलं. शिकलेल्या माणसाचा हात औषधाकडंच जातो.

घरातली कामं, पण खरी

दुसरा आराखडा मी लिहिला नाही. आई आणि आजी दोघींना समोर बसवून विचारलं की घरात दिवसभर हातानं काय काय चालतं. आजी हसली. “काय चालत नाही ते इचारा, माय.” त्यातून निवडत गेलो.

मेथी आणि लसूण राजाकडं. मेथीचं पान चिमटीनं खुडणं हा उत्तम व्यायाम आहे, आणि देठ राहिला तर भाजी कचकच लागते हे जेवताना आपोआप कळतं. धुतलेले रुमाल पिळणं आणि चिमटे लावणं त्याच्याकडं. सुरुवातीला घरातले कडक चिमटे त्याच्यानं उघडेनात, म्हणून आईनं ढिले झालेले चार बाजूला काढले. फरशी पुसणं हात-गुडघ्यांवर, ओल्या फडक्याला गाडी करून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. शरीराचा भार तळहातावर आणि खांद्यावर येतो, आणि न रांगलेल्या मुलाला चार वर्षांनी का होईना रांगायला मिळतं. भाकरीच्या पिठाचा एक छोटा गोळा रोज त्याचा. थापताना तळहात सपाट, गोळा वळताना तोच तळहात खोलगट. त्या भाकऱ्या कोणत्याही नकाशासारख्या व्हायच्या आणि वडिलांना खाव्या लागायच्या.

मी पाण्याचे खेळ सुचवले नाहीत. पुस्तकं सांगतात, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतू द्या. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या शहरात आईला हे सांगायला जीभ रेटत नाही. ज्वारी ओतली तरी तेच साधतं. सांडली तर वेचता येते, आणि वेचणं हा आणखी एक खेळ.

आईच्या शिवणाच्या डब्यातून तर खजिनाच निघाला. जुनी बटणं रंगानं निवडणं, डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यातून एकेक आत टाकणं. परकराच्या नेफ्यात नाडी ओवणं हे राजाचं खास काम झालं. टोकाला पिन बंद करून, कापडाच्या आत न दिसणारी पिन बोटांनी चाचपत पुढं सरकवायची. डोळ्यांची मदत न घेता बोटांनी ओळखायचं. असा व्यायाम मला सुचला नसता, तो आईनं सुचवला. शिवणाची मोठी कात्री मात्र कपाटात. कागद कापायला छोटी, आणि कागद पातळ वर्तमानपत्राचा न घेता जुन्या लग्नपत्रिकेचा जाड. जाड कागद कात्रीत दुमडत नाही. आधी बोटभर रुंद पट्टीचा एकाच कचक्यात तुकडा, रेघेवरून कापणं पुष्कळ नंतर.

एक खबरदारी सगळ्यांसाठी. बटणं, चिंचोके, शेंगदाणे तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नयेत, आणि चार वर्षांच्या मुलापाशीही कुणीतरी बसलेलं हवं. नाकात अडकलेला चिंचोका काढायची वेळ आलेले डॉक्टर प्रत्येक गावात सापडतील.

वडिलांचा सहभाग मी धरलाच नव्हता, कारण ते रात्री आठला घरी येत. पण हमालांची गोष्ट राजानं पहिल्या दिवशी सांगितली होती ना, तिथून धागा मिळाला. वडिलांनी घरात यार्ड काढलं. दीड-दीड किलो ज्वारीच्या पिशव्या, या खोलीतून त्या खोलीत, पाठीवर घेऊन वाकून न्यायच्या आणि थप्पी लावायची. वडील भिंतीशी बसून मोजायचे, धान्य मोजताना जुनी माणसं ‘एक’ न म्हणता म्हणतात तसं: “लाभ, दोन, तीन…” दहा झाल्या की कोऱ्या पावतीवर राजा सही करायचा. सही म्हणजे गुंता. पण तो गुंता त्यानं मागितला म्हणून काढलेला होता, आणि पावतीपुस्तकाला जोडलेल्या पेन्सिलीचं थोटूक एवढं छोटं होतं की मुठीत धरताच यायचं नाही. तीन बोटांतच धरावं लागायचं. मीही खडूचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून देतेच, पण थोटूक ही वडिलांची कमाई. ओझं वाहणं, ढकलणं, ओढणं यानं खांदे आणि पाठ तयार होतात. रोज वीस मिनिटांची हमाली मला कोणत्याही यंत्रापेक्षा बरी वाटते.

गच्चीवर शेजारच्या मुलींची ठिकरी चालायची. राजाला त्या घेत नव्हत्या, लंगडी येत नाही म्हणून. मी त्यांना समजवायला गेले नाही. आईनं दोन महिने त्याचा हात धरून जिन्यातच एकेका पायावर ‘बगळा’ उभा केला. मार्चमध्ये एका मुलीनं त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतलं.

आजी आणि शेवटचे चार घास

सगळ्यात अवघड खेळाचं काम नव्हतंच. आजी राजाला मोबाईल लावून भरवायची. तो हातानं जेवला तर निम्मं सांडतो, आणि उपाशी राहील ही तिची भीती खोटी नव्हती. रक्त कमी आहे हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. “लेकराला कशाला राबवायलात, माय? मी हाय की अजून.” या वाक्यापुढं कोणताही शास्त्रीय मुद्दा टिकत नाही.

मी तिला भरवणं बंद करा म्हणाले नाही. पहिले घास आजीचे, शेवटचे चार राजाचे. मोबाईल नाही, त्याऐवजी आजीची गोष्ट. काम उलट्या टोकानं शिकवायची ही जुनी युक्ती आहे. मूल शेवटची पायरी स्वतः करतं, म्हणून पूर्ण झाल्याचं समाधान त्याला मिळतं. चाराचे सहा झाले, सहाचे दहा. भाकरी मोडायला दोन्ही हात, कालवायला पाची बोटं. सदऱ्याच्या बटणांचंही तसंच: आधी काढायला शिकवलं, कारण काढणं सोपं, मग लावताना वरची आईनं आणि शेवटचं राजानं. सकाळी नाही. सकाळी आठला व्हॅन येते, आईला बटण लावायला दोन सेकंद लागतात आणि राजाला दोन मिनिटं. ती दोन मिनिटं फक्त संध्याकाळीच मिळू शकत होती.

आजी महिन्याभरात फितूर झालीच. पण गावाहून परतली की पहिले दोन दिवस सगळे घास तिचे. मी त्याकडं काणाडोळा केला.

शाळा

शाळेला पत्र दिलं की दोन महिने गिरवणं थांबवा, जाड आखूड खडू द्या, फळ्यावर उभं राहून काढू द्या. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आपोआप मागं वळतं आणि खांदा कामाला लागतो. बाई समंजस होत्या. “मला पटतंय हो मॅडम, पण पालक वह्या बघतात.” २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांसाठी खेळातून शिकण्यावर भर आहे, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी तडजोड अशी की राजाच्या वहीत लाल शेरा येणार नाही. फळा काही मिळाला नाही. घराच्या लोखंडी दाराची आतली बाजू आम्ही फळा केली.

एप्रिल

साडेपाच महिन्यांनी पुन्हा पाहिलं. उजव्या पायावर सहा सेकंद, डाव्यावर तीन. उतरताना पाय एकाआड एक, कठड्यावर एक बोट. मांडी घालून गोष्ट संपेपर्यंत बसला. चिमटे सहज. डबा स्वतः उघडला, आणि आई मदतीला सरसावली तर तिचा हात बाजूला केला. मोठी बटणं चारपैकी तीन. गोल गोल आला, फुलीच्या रेघा एकमेकींना भेटल्या. पेन्सिल तीन बोटांत, पण अंगठा अजून वळसा घालून येतो. बुटाची नाडी नाही. चेंडू अजूनही डोळे मिटून. हिमोग्लोबिन ११.४.

चार वर्षांचं मूल साडेपाच महिन्यांत नुसत्या वयानंही पुढं जातं. लोहानं किती, वयानं किती आणि मेथी-हमालीनं किती, हे एका मुलावरून वेगळं काढता येत नाही. फेब्रुवारीत तो आठवडाभर तापानं पडला तेव्हा सगळं मागं गेल्यासारखं वाटलं होतं आणि आई माझ्यापुढं रडली होती. पंधरा दिवसांत परत आलं. एवढं मात्र मी ठामपणे लिहीन की डिसेंबरपर्यंत हा मुलगा हातानं करायच्या प्रत्येक गोष्टीपासून पळत होता आणि एप्रिलमध्ये पळत नव्हता.

ऑगस्टात पाच पूर्ण झाली. पोळ्याच्या आधी तपासणीला आला तो गावच्या काळ्या मातीचा बैल घेऊन. चौथा पाय वाळताना तुटला होता, तिथं काडेपेटीतली काडी खोचलेली. मी बैल खिडकीत ठेवला आणि चेंडू काढला. पाच वेळा फेकला. तीन वेळा डोळे उघडे, दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून धरला. दोनदा सुटला. छातीपासून लांब, नुसत्या पंजात झेलणं नाही. एका पायावर लंगडत तीन उड्या, चौथीला तोल गेला.

आईनं निघताना नवी वही दाखवली. सिनियर केजी, जोडाक्षरं. मी वही मिटून तिच्या पिशवीत परत ठेवली आणि नोंदीत लिहिलं: झेलणं आणि लंगडी, फेब्रुवारीत पुन्हा पाहणे. तेव्हाही वयाच्या मानानं बरंच मागं राहिलं तर समन्वयाची सविस्तर तपासणी.